‘दुहिता’ आणि तिची व्युत्पत्ती
सुरतेच्या आमच्या वर्गात ‘दुहिता’ म्हणजे ‘दोहन करणारी’, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकविले. यास्काच्या निरुक्तात ‘दुर्हिता’, म्हणजे जिचे हित साधणे कठीण ती, आणि ‘दूरे हिता’, म्हणजे दूर असण्यातच जिचे हित ती, याही व्युत्पत्ती आहेत. परंतु इंग्रजी ‘डॉटर’ व जर्मन ‘टोख्टर’ यांचा पुनर्रचित आदि-जर्मानिक पूर्वज ‘दुह्तेर’, फारसी ‘दुख्तर’ आणि कोकणी ‘धूव’ ही सारी ‘दुहिते’चीच भावंडे. या कुळाच्या मूळ शब्दाचा निश्चित अर्थ एवढाच: मुलगी. दोहनाशी त्याचे नाते सिद्ध झालेले नाही. मग कन्येला दूर लोटणाऱ्या व्युत्पत्ती शब्दाच्या नव्हेत, समाजाच्या होत. अध्यापकांनी त्या अवश्य सांगाव्यात. मात्र मत म्हणून, मूळ म्हणून नव्हे.