गोष्ट मुलाची, अक्षर कोणाचं?

सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचं ‘टीचर’ (१९६३) वाचलं नसेल तर फिल्डवर्कआधी वाचाच. न्यूझीलंडमधल्या माओरी मुलांना त्या विचारायच्या, आज कोणता शब्द हवा? मूल ‘भूत’ म्हणालं की कार्डावर ‘भूत’. पुढे त्याच शब्दांतून मुलं आपली गोष्ट लिहायची. पद्धत भन्नाट आहे. पण कार्डं बहुतेक इंग्रजीत. घरच्या माओरीचं काय, हे पुस्तकात मला कच्चं वाटतं.

उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये ही अडचण लगेच येते. समजा, मूल गोष्ट सिंधीत सांगतंय आणि तुम्ही ती उतरवून घेताय. सिंधीत हवा आत ओढून उच्चारायचे ॻ, ॼ, ॾ, ॿ आहेत. मराठी हात सवयीने ग, ज, ड, ब लिहितो. झाली गोष्ट तुमची! (आजोबा तीच अरबी लिपीत लिहितील, तो आणखी वेगळा घोळ.)

चित्राचंही तेच. वायगोत्स्की सांगतो की लहान मूल दिसतं ते नव्हे, माहीत असतं ते काढतं. म्हणून भिंत असूनही घरातली माणसं दिसतात. ती भिंत तुम्ही ‘नीट’ करून दिलीत की डेटा गेला. आधी चित्र काढू द्या, मग गोष्ट ऐका. आणि तुमची पेन्सिल कुठे लागली ते मागच्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवा.