भिंतीपलीकडचे भय

भयकथा आपले समीक्षक करमणुकीच्या खात्यात जमा धरतात. आपला वाचक तर तिच्याकडे संशयानेच पाहतो. 1956 साली श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने भुताखेतांच्या गोष्टी का वाचाव्यात? प्रश्न रास्त आहे. परंतु भुतावर विश्वास ठेवणे आणि भुताचा अर्थ लावणे या दोन भिन्न गोष्टी होत.

टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ (1987) पाहावी. 1856 साली मार्गारेट गार्नर या पळालेल्या गुलाम स्त्रीने मुलगी पुन्हा दास्यात जाऊ नये म्हणून तिला स्वतःच्या हाताने मारले. या घटनेवरून सुचलेल्या कादंबरीत मेलेली मुलगी घरी परतते. अमेरिकेतील ज्या गुलाममुक्तीच्या गौरवार्थ जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती मुक्ती कायद्यात आली तरी दास्य मनातून व घरातून गेले नव्हते, हे लेखिका भुताकरवी सांगते.

मराठी भयकथेत असे भूत आमच्या वाचनात आलेले नाही. नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांचे रचनाकौशल्य निर्विवाद आहे. पण त्यांचे भय बहुधा वाड्यातले किंवा मध्यमवर्गीय घरातले. लोकसमजुतीत तर भुतालाही जात असते. मुंजा होण्यासाठी आधी मुंज व्हावी लागते!

पालीचा अभ्यासक येथे ‘पेतवत्थु’कडे वळेल. त्यातील 51 कथांपैकी एक ‘तिरोकुड्ड’, म्हणजे भिंतीपलीकडचे. घराच्या भिंतीबाहेर, चव्हाट्यावर ताटकळणारी ती प्रेते पाहून गावकुसाबाहेरची वस्ती आठवावी, हे स्वाभाविक आहे. तरीही हा मोह आम्ही आवरतो. पेतवत्थूतील प्रेत स्वतःच्याच पूर्वकर्माचे फळ भोगते, आणि हाच युक्तिवाद आपल्या पूर्वजांविरुद्ध वापरला गेला. गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ (1957) या ग्रंथात नाकारला. मॉरिसन यांची मुलगी स्वतःचे पाप फेडत नाही. ती दुसऱ्यांच्या पापाचा पुरावा आहे.

आपली खरी भयकथा भुताविना लिहिली गेली आहे. माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेल्या बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेचा नायक परप्रांतात रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि निवाऱ्यासाठी जात लपवतो. तेथे प्रत्येक आपुलकीचा शब्द वाचकाच्या अंगावर काटा आणतो. कारण उघडकीस येण्याची घटका जवळ येत असते. भुताला मंत्राने उतरवता येते, शेजाऱ्याला नाही.

परळ-लालबागच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खाते बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच्या ओठांचा इतरांना विटाळ होई. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. आज त्यांतील कित्येक गिरण्यांच्या जागी मॉल उभे आहेत. तो धागा मात्र तुटलेला नाही. तरुण लेखकांनी भय शोधण्यासाठी स्मशानात जाऊ नये. तो धागा हाती धरावा.