कान लावून जुळवलेलं पिस्तूल

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या सर्जिओ लिओनेच्या १९६६ सालच्या चित्रपटाचा विषय निघाला की गप्पा थेट शेवटच्या कब्रस्तानात पोचतात. ते गोल रिंगण, तिघांचे डोळे, एन्निओ मॉरिकोनेचं चढत जाणारं संगीत. ते थोर आहे, यात वाद नाही. पण या चित्रपटातला सर्वांत रसिकपणे रचलेला प्रसंग कुठला असं मला विचाराल, तर मी त्याच्या कितीतरी आधीच्या बंदुकीच्या दुकानाकडे बोट दाखवीन. तिथे संगीत नाही, संवाद मोजके. बराच वेळ एक माणूस काउंटरशी उभा राहून रिव्हॉल्व्हरं खोलतो आणि त्यांच्या सुट्या भागांतून स्वतःसाठी एक नवं हत्यार जुळवतो. एवढंच घडतं, आणि आपण जागचे हलत नाही.

हा माणूस म्हणजे तुको (ईलाय वॉलाक). त्याचा भागीदार ब्लाँडी (क्लिंट ईस्टवूड) पैसे घेऊन त्याला ओसाड रानात सोडून गेला आहे. तहानेने अर्धमेला होऊन तो गावात पोचतो आणि दुकान बंद करायच्या बेतात असलेल्या म्हाताऱ्या दुकानदाराला मागे रेटत आत शिरतो. इथवर प्रेक्षकाने तुकोला कसं पाहिलंय? बडबड्या, मळकट, शिवराळ, फासावरून निसटणारा चोर. हसायचं ते त्याच्यावर. ईस्टवूड शांत आणि देखणा, ली व्हॅन क्लीफ थंड आणि भयंकर, आणि हा तिसरा म्हणजे दोघांच्या मधला तमाशा. लिओने हे मत आपल्याला पुरतं बनवू देतो, मग दुकानात आणून उलथवतो.

दुकानदार रिव्हॉल्व्हर दाखवतो. तुको ते हातात धरतो न धरतो तोच बाजूला टाकतो. मग म्हातारा ठेवणीतला माल काढतो आणि एकेक नाव घेत समोर मांडतो: रेमिंग्टन, कोल्ट, स्मिथ अँड वेसन. विक्रेत्याची ही नेहमीची रीत, नावावर माल खपवायचा. तुकोला नावाशी कर्तव्य नाही. तो एक उचलतो, नळीतून आरपार बघतो, खाली ठेवतो. दुसऱ्याची चक्री कानाशी नेतो, अंगठ्याने घरापुढे घर फिरवतो. खटका ऐकतो. पुन्हा फिरवतो. चेहऱ्यावरची सगळी मस्करी कुठल्याकुठे गेली आहे. डोळे समोर उघडे आहेत, पण बघत काहीच नाहीत, कारण सगळं लक्ष कानात एकवटलं आहे. एकाची नळी पसंत, चक्री नापसंत. ती दुसऱ्याची. अशी वेचणी करत तो भाग बसवतो, पुन्हा कानाशी धरतो, आणि यावेळी थांबतो. जमलं.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर पाहिला असेल, तर ही मुद्रा ओळखीची वाटेल. तो दोरा सरकवतो, तार छेडतो, मान किंचित कलती ठेवून नाद विझेपर्यंत ऐकतो, आणि घोडी पुन्हा कानशीने घासायची की नाही हे त्या ऐकण्यातच ठरतं. तुकोच्या चेहऱ्यावर नेमकं तेच आहे. ज्या माणसाला पुढे साधी चिठ्ठी वाचताना अक्षर अक्षर लावावं लागतं, तो लोखंड मात्र सफाईने वाचतो. त्याचं शिक्षण कुठे झालं, हे त्याच्याबद्दल कुणी न सांगता आपल्याला कळतं.

या प्रसंगाची खरी कारागिरी ध्वनीत आहे. त्या काळी इटलीत चित्रपटाचा आवाज चित्रणाच्या वेळी सहसा पकडत नसत, तो नंतर स्टुडिओत भरला जाई. म्हणजे चक्रीचा प्रत्येक खटका कुणीतरी मुद्दाम घडवून त्या जागी बसवलेला आहे. तुको जसा भाग निवडतो, तसाच लिओनेच्या माणसांनी एकेक आवाज निवडला. चांगल्या चक्रीचा खटका आणि वाईट चक्रीचा खटका यांत आपल्या कानाला खरोखर फरक कळतो का? मला वाटतं, कळत नाही. आपण वॉलाकच्या चेहऱ्यावरून ठरवतो आणि मग तो फरक ऐकू आल्यासारखा वाटतो. जाणकाराशेजारी मैफलीत बसल्यावर आपलाही कान उघडतो, तसला हा परिणाम आहे, आणि पडद्यावर तो साधणं सोपं नाही.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला इथे 'शोले' आठवणारच. लिओनेचं ऋण त्या चित्रपटावर उघड आहे. गब्बरसुद्धा चक्री फिरवतो, पण तो ती नशिबाच्या हवाली करण्यासाठी फिरवतो: कुठली गोळी कुठे, त्यालाही ठाऊक नसावं म्हणून. तुको फिरवतो तो नशिबाला जागाच उरू नये म्हणून.

ईलाय वॉलाक हा न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधला, रंगभूमीवर घडलेला नट, अ‍ॅक्टर्स स्टुडिओच्या पहिल्या फळीतला. त्याला बंदुकांतलं फारसं कळत नव्हतं आणि लिओनेने त्याला सुचेल तसं करायला मोकळं सोडलं, असं या प्रसंगाबद्दल सांगितलं जातं. पाहताना ते पटतं. कारण तो बंदुकीच्या जाणकाराची नक्कल करत नाही. तो ऐकणाऱ्या माणसाचा अभिनय करतो, आणि ऐकणं कुठल्याही नटाला येतं किंवा यायला हवं. हात जरा धसमुसळे आहेत, भाग आदळतात, आणि त्यामुळेच तुको तुकोच राहतो. सफाईदार बोटं दिली असती तर तो जादूगार वाटला असता.

जाणकार मंडळी या प्रसंगात दोन चुका काढतात. पहिली काडतुसांची. गोष्ट घडते १८६२च्या सुमाराला, अमेरिकेतल्या यादवी युद्धात. त्या काळच्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरमध्ये दारू, शिशाची गोळी आणि टोपी वेगवेगळी भरत. आरपार छिद्रांच्या चक्रीत मागून धातूचं काडतूस सरकवायची सोय रोलिन व्हाइटच्या १८५५च्या पेटंटमुळे स्मिथ अँड वेसनच्या मुठीत होती आणि १८६९पर्यंत राहिली. तुको मात्र बिनदिक्कत काडतुसं मागतो. ही चूक मी सोडून देतो. तिने काहीच बिघडत नाही.

दुसरी चूक जास्त बोलकी आहे. कोल्टचा सांगाडा वरून उघडा. आडवी पाचर काढली की नळी पुढे सुटून येते. रेमिंग्टनचा सांगाडा वरून बंद आणि नळी त्यात आट्यांनी घट्ट. एकाचा अवयव दुसऱ्याला बसवणं म्हणजे अशक्यच. इतकंच काय, कोल्टने १८५१चं नेव्ही मॉडेल दोन लाखांहून जास्त संख्येने यंत्रावर काढलं, तरी शेवटचा हात कानशीचा असे, आणि एका रिव्हॉल्व्हरच्या नळीवर, सांगाड्यावर, चक्रीवर तोच क्रमांक ठोकलेला असे, म्हणजे कुटुंबाची फाटाफूट होऊ नये.

सुटे भाग एकमेकांना बसावेत, हे स्वप्न मात्र त्याच्याही आधीचं. १७८५ साली पॅरिसजवळ ओनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने थॉमस जेफर्सनपुढे बंदुकीच्या ५० चापयंत्रांचे भाग कप्प्याकप्प्यांत वेगळे मांडले. जेफर्सनने हाताला येईल तो तुकडा उचलत स्वतः काही यंत्रं जुळवली आणि ती अचूक बसली. हरखून जाऊन त्याने हे मायदेशी पत्रात कळवलं. दुरुस्ती किती सोपी होईल, हा त्याचा आनंद होता. पुढे या विचारातून अमेरिकेतली शस्त्रागारं आणि मग जगभरचे कारखाने उभे राहिले. त्याचं मर्म हे की कुठलाही तुकडा चालेल. निवडायची गरज नाही, म्हणजेच निवडणाऱ्याचीही गरज नाही.

लिओनेचा तुको त्या काउंटरशी उभा राहून नेमकं याच्या उलट वागतो. तुकडे एकमेकांना बसतात हे तो गृहीत धरतो, पण ते सारखे आहेत हे त्याला मान्य नाही. कारखान्याने पुसून टाकलेला फरक तो कानाने परत शोधतो. जेफर्सनचा हात जिथे डोळे मिटून उचलू शकतो, तिथे तुकोचा हात दहा नाकारून एक उचलतो. तंत्राच्या दृष्टीने हा प्रसंग खोटा असेल. पण कारागिराची पारख यंत्राच्या मालापुढे उभी राहिली तर कशी दिसेल, याचं यापेक्षा खरं चित्र मी सिनेमात पाहिलेलं नाही. म्हणून ती दुसरी चूक मला चूक वाटतच नाही.

आता दुकानदाराकडे पाहा. एन्झो पेतितो या नटाने त्याला जो जीव दिला आहे, त्याविना हा प्रसंग अर्धाच राहिला असता. सुरुवातीला तो घाबरलेला आहे, दारात उभ्या या भणंगाला कसं घालवावं या विवंचनेत. मग आपला माल खोलला जातोय म्हणून कासावीस. मग हळूहळू गोंधळ ओसरतो आणि चेहऱ्यावर कुतूहल येतं. मागच्या अंगणात तुको लाकडी आकृत्यांवर गोळ्या झाडून हत्याराची परीक्षा घेतो, तेव्हा म्हाताऱ्याच्या मुद्रेवर उघड कौतुक आहे. आयुष्यभर नावं सांगून माल विकलेल्या माणसाला एकदाचं असं गिऱ्हाईक भेटलं, ज्याला नाव सांगावं लागत नाही.

आणि तेवढ्यात तुको किंमत विचारतो. म्हातारा सांगतो. तुको भरलेलं रिव्हॉल्व्हर त्याच्यावर रोखून तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि प्रश्न तोच असला तरी व्यवहार बदललेला असतो. हत्याराची किंमत मागे पडली, आता गल्ल्यात किती आहे ते सांगायचं. २०० डॉलर, आहेत तेवढे सगळे. जाताना दुकान बंद असल्याची पाटी तो म्हाताऱ्याच्याच तोंडात कोंबतो.

इथे हसू येतं, आणि त्याच क्षणी म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटतं. लिओने आपल्याला यातलं एकही सोडू देत नाही. पारख आहे म्हणून माणूस भला निघेल अशी जी आशा आपण नकळत धरलेली असते, ती त्या काउंटरवरच मोडते. पण पारख खोटी ठरत नाही. तुको लुटारू आहे आणि तुको जाणकार आहे, दोन्ही एकदम आणि पुरेपूर.

याचा जोडप्रसंग पुढे हॉटेलात येतो, आणि दोन्ही एकामागून एक पाहिल्याशिवाय पहिल्याची चव पुरी लागत नाही. ब्लाँडी खोलीत आपलं रिव्हॉल्व्हर खोलून साफ करत बसला आहे. बाहेर रस्त्यावरून फौज चालली आहे आणि त्या दणदणाटाच्या आडून तुकोची माणसं जिना चढताहेत. फौज थबकते, आणि त्या एका शांत क्षणात ब्लाँडीच्या कानावर टाचेच्या काट्यांची किणकिण पडते. आता त्याच्या बोटांची घाई. भाग भराभर जागेवर बसतात आणि दारातल्या तिघांना तो आडवं करतो. पुन्हा सुटे भाग, पुन्हा कान, पण ब्लाँडीला निवडायचं काही नव्हतं, त्याचं हत्यार त्याचंच होतं. तोवर तुको मागच्या खिडकीतून रिव्हॉल्व्हर रोखून आत आलेला असतो. त्याची चाहूल मात्र ब्लाँडीच्या कानाला लागलेली नसते.