पोदेरोसा मोडल्यानंतर

वॉल्टर सालेस या ब्राझिलियन दिग्दर्शकाचा 'द मोटरसायकल डायरीज' हा चित्रपट २००४ सालचा. तेव्हा हे परीक्षण वेळेवर झाले असा दावा आम्ही करणार नाही. परंतु हा चित्रपट आपल्या तरुणांच्या मंडळांतून अजूनही आवडीने पाहिला जातो, आणि तो पाहून उठलेल्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यांवर अजूनही तीच नाराजी उमटते. नाराजीचे कारण एकच. त्यातील धर्मभगिनी मिस्सेला न येणाऱ्यांना जेवण देत नाहीत. 'आमच्या सिस्टरांची ही बदनामी आहे' असे म्हणून विषय मिटवणारे आम्हांला भेटले आहेत, आणि 'खरेच दाखवले आहे, झोंबले इतकेच' असे म्हणणारेही. ज्या पुस्तकावर हा चित्रपट आधारलेला आहे ते यांपैकी फारच थोड्यांनी वाचले होते. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा आमचे मत यांपैकी कोणाशीच पुरते जुळेना.

प्रवासाची हकिकत थोडक्यात अशी. जानेवारी १९५२ मध्ये एर्नेस्तो गेव्हारा हा तेवीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी आणि त्याचा मित्र, जीवरसायनाचा जाणकार अल्बेर्तो ग्रानादो, असे दोघे ब्युनोस आयर्सहून निघाले. वाहन होते १९३९ सालची, पाचशे सी. सी. ची नॉर्टन. तिचे नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे सामर्थ्यवती. (पवित्र मरियेच्या स्तोत्रात परमेश्वर ज्या सामर्थ्यवानांना सिंहासनावरून खाली ओढतो, त्यांच्यासाठी स्पॅनिश बायबलात याच शब्दाचे अनेकवचन आहे. हा योगायोग अल्बेर्तोच्या ध्यानात असण्याचा संभव नाही, पण गाडीच्या नशिबी तेच आले.) वाटेत लिहिलेल्या टिपणांना एर्नेस्तोने मागाहून आकार दिला. १९६७ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर पंचवीसेक वर्षांनी त्यांचे पुस्तक झाले.

पुस्तकातील मोटारसायकलीचे प्रकरण मोठे गमतीचे आहे. वाळूत गाडी एका दिवसात नऊदा आडवी होते. जिथे स्क्रूऐवजी तारेचा तुकडा चालेल तिथे तारच वापरावी, हा अल्बेर्तोचा यंत्रशास्त्रातील धर्मसिद्धान्त. त्या तारांच्या आधारानेच ती म्हातारी पम्पाचे मैदान ओलांडून आंदेस पर्वताच्या पायथ्याशी, सान मार्तीन आणि बारिलोचेच्या सरोवरांच्या मुलखात येऊन पोहोचते. पुढे चिलीत उतरल्यावर तिचा ब्रेक तुटतो आणि उतारावर समोर गुरे येतात. हा प्रसंग वाचताना आम्हांला हसू आवरले नाही. मोडक्या गाडीवरून घाट उतरण्याचा ज्यांनी अनुभव घेतला आहे, त्यांना मात्र त्या हसण्यात पोटातला गोळाही जाणवेल.

चित्रपट येथे अतिशय देखणा होतो, आणि आमची पहिली तक्रार तीच आहे. पर्वत, सरोवर, हिम, दोन सुंदर तरुण आणि धुरळा उडवणारी जुनी गाडी. लडाखच्या वाटेवर बुलेट घेऊन जाणारी आपली मुले हे पाहून हरखली तर त्यांना दोष कसा द्यावा? पुस्तकात मात्र हे दोघे सीमेवरील सरोवर पार करतात ते भाड्याच्या बदल्यात गळक्या नावेतील पाणी उपसत. चित्रपटात बर्फातून गाडी ढकलण्याचे भव्य दृश्य आहे. पाणी उपसणे भव्य दिसत नाही, म्हणून दिग्दर्शकाने बर्फ पत्करले असावे. या एका निवडीत पुढील सगळ्या निवडींचे बीज आहे.

सान्तियागो येथे पोदेरोसाला कायमचा निरोप द्यावा लागतो. आमच्या मते खरा प्रवास येथून सुरू होतो. गाडी होती तोवर हे दोघे पाहुणे होते. लोक गाडीभोवती जमत, वर्तमानपत्र त्यांना कुष्ठरोगतज्ज्ञ म्हणून छापे, कोणीतरी जेवू घाली. गाडी गेल्यावर ते दोन मळके भटके उरले. ट्रकच्या मागच्या बाजूला, बोकडांबरोबर आणि मजुरांबरोबर, आता कोठे त्यांना शेजारी बसलेला माणूस दिसू लागला. चुकीकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना त्यांना एक मजूर जोडपे भेटते. नवरा साम्यवादी, तुरुंगात राहून आलेला. वाळवंटातल्या थंडीत त्या दोघांपाशी पांघरायला काही नाही. एर्नेस्तो आणि अल्बेर्तो आपल्या दोन घोंगड्यांपैकी एक त्यांना देतात आणि स्वतः रात्रभर कुडकुडतात.

चित्रपटाने या प्रसंगाला जोड दिली आहे ती पंधरा डॉलरची. प्रेयसीने वस्तू आणण्यासाठी दिलेले, अल्बेर्तोने वारंवार मागूनही न दिलेले ते पैसे एर्नेस्तोने या जोडप्याला देऊन टाकल्याचे मागाहून कळते. ही युक्ती नाट्यमय खरी, पण घोंगडीची सर तिला नाही. पैसे दिल्यावर देणाऱ्याला थंडी वाजत नाही. आमियाँच्या वेशीवर आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देणाऱ्या संत मार्टिनची गोष्ट ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको.

आता सान पाब्लो. पेरूच्या अरण्यात आमेझॉनच्या काठी असलेली ही कुष्ठरोग्यांची वसाहत. सुमारे सहाशे रोगी तेथे झोपड्या बांधून राहत. चित्रपटात नदीच्या एका तीरावर डॉक्टर आणि धर्मभगिनी, दुसऱ्या तीरावर रोगी. रोग्यांना भेटताना हातमोजे घालावेत हा भगिनींचा नियम, आणि मिस्सा चुकवणाऱ्याला जेवण नाही हाही. एर्नेस्तो दोन्ही मोडतो. त्याला उपाशी ठेवले जाते, तर रोगीच चोरून त्याचे ताट आणून देतात.

हातमोज्यांच्या बाबतीत वैद्यकशास्त्र एर्नेस्तोच्या बाजूचे आहे, हे आधी मान्य करू. उपचार चालू असलेल्या रोग्याच्या हस्तांदोलनाने कुष्ठरोग होत नाही. आणि प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे करताना हात पुढे करून स्पर्श केला, हे तर आपण दरवर्षी उपासनेत ऐकतो. जेवणाचा नियम त्याहून लाजिरवाणा आहे. भुकेल्याला अन्न देणे हे दयेचे कृत्य आहे. त्याला हजेरीपटाची अट आपल्या धर्माने कोठेही घातलेली नाही. असा नियम कोणी केला असेल तर तो चित्रपटात दिसला म्हणून रागावण्याऐवजी, आपल्या संस्थांच्या दारांवर तो वेगळ्या शब्दांत लिहिलेला नाही ना, हे आपण पाहावे. शाळेच्या प्रवेशापासून ते दवाखान्यातील सवलतीपर्यंत 'हा आपला, हा परका' असे आपण कधीच केले नाही, असे शपथेवर सांगायला आम्ही धजणार नाही.

तरीही आमची तक्रार उरतेच, आणि ती धर्मभावना दुखावल्याची नाही, कलेची आहे. पडद्यावर या स्त्रियांना नियमाखेरीज दुसरे काही दिलेलेच नाही. ज्या औषधांनी हातमोजे अनावश्यक ठरवले त्या सल्फोनचा पहिला यशस्वी प्रयोग १९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे झाला. तेथे १८९६ पासून 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' या संघाच्या भगिनी रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्यांच्यापैकीच सिस्टर हिलरी रॉस प्रयोगशाळा सांभाळत होत्या. मोलोकाईच्या फादर डेमियनने १८८९ मध्ये त्याच रोगाने देह ठेवला. हे सर्व चित्रपटात यायला हवे होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या दिग्दर्शकाला एका विद्यार्थ्याच्या डोळ्यांतील बदल टिपायला दोन तास मिळतात, त्याला जखमा धुणाऱ्या त्या हातांकडे दोन मिनिटे पाहायला हरकत नव्हती. विद्यार्थी काही दिवसांनी निघून गेले. भगिनी राहिल्या.

चित्रपटाचा शिखरप्रसंग म्हणजे एर्नेस्तोचा चोविसावा वाढदिवस, १४ जून. मध्यरात्री तो दम्याने धापा टाकीत नदी पोहून रोग्यांच्या तीरावर जातो. दृश्य अविस्मरणीय आहे, आम्हीही श्वास रोखून पाहिले. पण तीर ओलांडणारा हा तरुण पुढे काय झाला, याबद्दल चित्रपट शेवटच्या पाटीत फार सावधपणे बोलतो. १९५९ मध्ये हवानाच्या ला काबान्या किल्ल्याचा प्रमुख असताना, थोडक्यात उरकलेल्या खटल्यांनंतरच्या मृत्युदंडांवर त्याने शिक्कामोर्तब केले, हे सदरा घालणाऱ्यांनी जाणून घ्यावे. आणि सदऱ्यावर रागावणाऱ्यांनी हेही जाणावे की आंदेसमधील जे दारिद्र्य त्याने ट्रकवरून पाहिले, तेच पाहून पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ मध्ये मुक्तीच्या ईश्वरविद्येचा ग्रंथ लिहिला. बोलिव्हियात जेथे एर्नेस्तो मारला गेला, त्या भागातील काही खेडूत 'सान एर्नेस्तो' म्हणून त्याच्यापुढे मेणबत्ती लावतात. धर्मपीठ हे मान्य करणार नाही, आम्हीही करीत नाही. मात्र त्या बायाबापड्यांना हसण्याचे धैर्य आमच्यात नाही.

वाचकांना आमची शिफारस अशी की पुस्तक आधी वाचावे, चित्रपट नंतर पाहावा. पुस्तकातील सान पाब्लोच्या निरोपाचे पान घाईने उलटू नये. पावसाळी रात्री रोगी नाव घेऊन या दोघांसाठी गाणी म्हणायला येतात. ॲकॉर्डियन वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला बोटे नाहीत. मनगटाला काड्या बांधून तो स्वर दाबतो आहे. गाणारा आंधळा आहे. गाणी संपल्यावर नाव दोर सोडते आणि गाणाऱ्यांसकट काळोखात दिसेनाशी होते.