‘अवमंदन’ या संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञा केवळ ठरावाने अर्थवान होत नाही. तिच्या घटकांना भाषेत आधीच चिकटलेला अर्थ विद्यार्थ्याच्या मनात आपले कार्य करीतच राहतो. संरचनांच्या कंपनांविषयीच्या मराठी विवेचनात येणारी ‘अवमंदन’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

उदाहरणादाखल भिवंडी तालुक्यातील दापोडे परिसरात आढळते तसे एकमजली गोदाम घेऊ. जमिनीवर रचलेला माल हिशेबाबाहेर ठेवून छताचे वस्तुमान एकवटलेले व खांब स्प्रिंगसारखे मानले, की एका दिशेतील हालचालीपुरती ती एका मुक्तिमात्रेची संरचना होते. म्हणजे छताचे विस्थापन ही एकच राशी तिची स्थिती सांगण्यास पुरते. छत किंचित सरकवून सोडल्यावर होणारे कंपन ‘मुक्त’ होय. ते बाह्य प्रेरणेपासून मुक्त असते, स्वतःच्या घडणीपासून नव्हे. वस्तुमान चौपट झाल्यास आवर्तकाल दुप्पट होतो. खांबांचा ताठरपणा चौपट झाल्यास तो निम्मा होतो.

आता हा काल ०.५ सेकंद मानू. अवमंदन क्रांतिक मूल्याच्या, म्हणजे कंपन मुळीच होऊ न देण्यास जेमतेम पुरेशा अशा मूल्याच्या, ५ टक्के धरू. भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत प्रबलित काँक्रीटच्या इमारतींसाठी ५ व पोलादी इमारतींसाठी २ टक्के होते. २०१६ च्या आवृत्तीने दोहोंस ५ टक्केच ठरविले. या अवमंदनाने आवर्तकाल ०.५००६ सेकंद होतो; फरक सव्वा हजारांशाचा. उलट परमप्रसर प्रत्येक आवर्तनात सुमारे २७ टक्क्यांनी घटतो आणि पाच आवर्तनांनंतर जेमतेम एक-पंचमांश उरतो. तात्पर्य, हेलकावा लहान होतो, संथ होत नाही. ‘अवमंदन’ ऐकणारा विद्यार्थी मात्र नेमके संथपणाचेच अनुमान करतो.

यावर असा आक्षेप संभवतो, की ‘मंद’ शब्द तीव्रतेचाही वाचक आहे. मंद प्रकाश, मंद स्वर हे प्रयोग रूढच आहेत. आक्षेप खरा, पण अपुरा. शब्दाचा अर्थ सहचर शब्द ठरवितो. गतिवाचक शब्दांच्या सहवासात ‘मंद’ वेगाकडेच झुकतो, आणि कंपन ही गतीच आहे. ज्या ‘डँप’ या इंग्रजी क्रियापदासाठी ही संज्ञा योजिली, त्याच्या मुळाशी वाफेने कोंदणे, विझविणे ही कल्पना आहे, सावकाशपणाची नव्हे.

तथापि या संज्ञेस सर्वस्वी अयोग्य ठरविणे अन्यायाचे होईल. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप धरणातील त्वरणलेखकाने नोंदविला. अशा यंत्राचा गाभा हाही एका मुक्तिमात्रेचा दोलकच. मात्र त्यास पुष्कळदा क्रांतिक मूल्याच्या ६० ते ७० टक्के अवमंदन दिलेले असते. ६० टक्क्यांस आवर्तकाल सव्वापट होतो. येथे ‘मंद’ सार्थ ठरतो. पण त्याच एका आवर्तनात परमप्रसर एक टक्क्याहूनही कमी उरतो. मंदपणा हा या क्रियेचा आनुषंगिक परिणाम, ऱ्हास हे तिचे स्वरूप.

मराठीत वादळ शमते, राग शमतो. तीव्रता उतरत जाऊन वस्तू स्वस्थ होणे हा ‘शमन’चा सहजार्थ आहे, आणि तोच येथे अभिप्रेत आहे. रूढ संज्ञा एकाएकी बदलणे व्यवहार्य नसेल, तर निदान तिची व्याख्या ‘कंपनाचे शमन’ अशी करावी. ज्या विद्यार्थ्यास समीकरणाआधी शब्द भेटतो, त्याला शब्दानेच चुकीच्या वाटेस लावू नये.