पेनेलोपी नावेत असते तेव्हा

फिनलंडचा स्वीडिश-भाषी लेखक योरान शिल्ट १९३९-४०च्या हिवाळी युद्धात गंभीर जखमी झाला होता. महायुद्ध संपल्यावर पत्नी मोनासह तो ‘डॅफ्नी’ या शिडाच्या नावेतून भूमध्य समुद्रात उतरला. त्याचे ‘ओडिसिअसच्या मागावर’ (१९५१) मी इंग्रजी अनुवादातून वाचले.

होमरचा नायक वीस वर्षे घराबाहेर. पेनेलोपी इथाकात दिवसा विणते, रात्री उसवते. म्हणजे एक मागावर बसलेली, दुसरा समुद्रावर. शिल्टच्या प्रवासात मात्र ती नावेतच आहे. शीर्षकातल्या ओडिसिअसपेक्षा मला हाच बदल मोठा वाटतो. दोघांच्या नावेवरचा दिवस म्हणजे वाटून घेतलेले काम: एकाच्या हाती सुकाणू, दुसऱ्याच्या हाती नांगराचा दोर. जुलै-ऑगस्टात एजियनवर उत्तरेचा मेल्तेमी सुटला, की कुणालाच नुसते बघत बसता येत नाही.

तरी मुखपृष्ठावर नाव एकाचेच. जखमी माणसाची समुद्राची ओढ मला खरी वाटते, पुस्तक आवडतेही. पण दोघांनी जगलेला दिवस एकानेच सांगितला, की तो अर्धाच हाती येतो. उरलेल्या अर्ध्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा उघडते, आणि ‘आम्ही’ या शब्दापाशी दर वेळी थांबते.