मलेरिया मोजायचा कुठे? बांबोळीच्या रक्तापासून बार्सिलोनाच्या नळीपर्यंत

तिसगावात हिवतापाची तपासणी म्हटली की बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि काच तपासायला पाठवायची. तपासणी चांगलीच आहे, पण तिची एक मर्यादा आहे. फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत साधारण ४८ तास काढतो. पहिला निम्मा काळ ती पेशी रक्तात फिरते. नंतर ती बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटून बसते, म्हणजे प्लीहेत जाऊन नष्ट व्हायची वेळ येत नाही. काचेवर येतात ते मुख्यतः फिरतीवरचे परजीवी. मेंदूत ठाण मांडून बसलेले किती, ते काच सांगत नाही.

या अस्तराच्या पेशींना एंडोथेलियल पेशी म्हणतात. मारिया बर्नाबेऊ या संशोधिकेचं जवळजवळ सगळं काम परजीवी आणि या पेशी यांच्यातल्या व्यवहारावर आहे. आज त्या कामाचं परीक्षण करू, कारण त्यातला एक कळीचा पेपर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या रुग्णांवर उभा आहे.

सुरुवात व्हायवॅक्सपासून

बर्नाबेऊ यांची पीएचडी बार्सिलोनातली, हर्नांदो डेल पोर्तिल्यो यांच्या गटातली. विषय होता व्हायवॅक्स. व्हायवॅक्स प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नाही. म्हणून त्यांनी त्याची काही जनुकं फाल्सिपेरममध्ये बसवून पाहिली. २०१२ च्या पेपरात दिसलं की त्यातल्या एका प्रथिनामुळे पेशी आयकॅम-१ या अस्तरावरच्या रेणूला चिकटते. व्हायवॅक्सच्या पेशी चिकटत नाहीत असा जो सरधोपट समज होता, त्याला हा धक्का होता. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोव्याचा पेपर

त्यानंतर त्या सिएटलला जोसेफ स्मिथ यांच्याकडे गेल्या. २०१३ मध्ये स्मिथ आणि कोपनहेगनचे थॉमस लाव्हस्टसेन यांच्या गटांनी दाखवलं होतं की मुलांच्या गंभीर मलेरियाशी जोडलेले परजीवी अस्तरावरच्या ईपीसीआर नावाच्या रेणूला पकडतात. ईपीसीआरचं काम काय? रक्त उगाच गोठू न देणं आणि अस्तराच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवणं. परजीवीने तोच रेणू अडवला तर गाठी वाढणार आणि भिंत गळणार.

पण गंभीर मलेरियाचा हा पुरावा आफ्रिकेतल्या मुलांचा होता. मोठ्या माणसांचं काय? २०१६ मध्ये पीएनएएस या नियतकालिकात बर्नाबेऊ आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. रुग्ण गोवा मेडिकल कॉलेजचे, बांबोळीचे. परजीवीकडे चिकटण्याच्या प्रथिनांची साधारण ६० जनुकं असतात आणि तो एका वेळी त्यातलं बहुधा एकच वापरतो. कोणत्या रुग्णात कोणतं जनुक चालू आहे हे मोजून ते आजाराच्या गांभीर्याशी ताडून पाहिलं. निष्कर्ष असा की ईपीसीआर पकडणारे ठरावीक प्रकार आणि अंगातला परजीवींचा एकूण भार, ही जोडी मिळून रुग्ण दाखल होईल का आणि किती गंभीर होईल याचा सगळ्यात चांगला अंदाज देते.

मला या पेपरचं मोल इथे वाटतं. प्रकार वाईट असणं आणि संख्या जास्त असणं या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या नाहीत, एकत्र मोजल्या. शिवाय मेंदूच्या मलेरियाच्या दोन रुग्णांमधली प्रथिनं घेऊन दाखवलं की ईपीसीआर थोडासा अडवला गेला तरी मेंदूच्या अस्तर पेशींचं संरक्षण ढासळतं.

आता तक्रार. "दाखल होणं" हे मोजमाप निव्वळ जीवशास्त्राचं नाही. गोव्यात मलेरियाचा मोठा वाटा बांधकामावरच्या परप्रांतीय मजुरांचा आहे. खोलीवर बघायला कुणी नाही म्हणून डॉक्टर एखाद्याला दाखल करून घेतील, आणि रोज बुडेल म्हणून दुसरा चार दिवस ताप अंगावर काढेल. हे चार दिवस परजीवींचा भार वाढवतात. म्हणजे "भार" या आकड्यात परजीवीचा जोर किती आणि उशीर किती, हे एका वेळच्या रक्तातून वेगळं काढणं फार अवघड आहे. पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला, कामाला बाहेर पडणाऱ्या माणसांकडे बघितलं तर हा उशीर बारीकसारीक मुद्दा वाटत नाही.

नळी सुधारत गेली

सपाट काचेवर वाढवलेल्या पेशींवरून रक्त वाहत नाही. म्हणून २०१९ मध्ये यिंग झेंग यांच्यासोबत बर्नाबेऊ यांनी मेंदूच्या अस्तर पेशींची त्रिमितीय सूक्ष्म नळी बनवली आणि त्यातून बाधित पेशी वेगवेगळ्या वेगाने सोडल्या. गंमत अशी की नळीला दाह झाल्यासारखं उत्तेजित केलं तर काही परजीवी जास्त चिकटले, तर ईपीसीआरवाले कमी. कारण दाहात ईपीसीआर घटतो आणि आयकॅम-१ वाढतो. म्हणजे आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळे परजीवी भारी पडत असणार. २०१६ च्या पेपरातलं चित्र स्थिर होतं, इथे ते हलू लागलं.

त्याच वर्षी बार्सिलोनातल्या ईएमबीएलमध्ये त्यांचा स्वतःचा गट सुरू झाला. २०२५ च्या पेपरात नळीभोवती मेंदूतल्या आणखी दोन प्रकारच्या पेशी आल्या. तिथे दिसलं की परजीवी पेशी फोडून बाहेर पडतो नेमक्या त्या जागी अस्तरात फटी पडतात आणि गळती वाढते. रुक्सोलिटिनिब हे दुसऱ्या आजारांसाठी वापरलं जाणारं औषध दिलं तर ही गळती टळते.

इथे टाळ्या वाजवण्याआधी थोडं थांबा. ईपीसीआर ज्या प्रथिनामार्फत काम करतं ते सक्रिय प्रोटीन सी कधीकाळी जंतुदोषावरचं औषध म्हणून विकलं जायचं. मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि २०११ मध्ये ते बाजारातून गेलं. अस्तर दुरुस्त करायची कल्पना पटण्यासारखी असणं आणि तिने रुग्ण वाचणं यात मोठं अंतर आहे. नळीत प्लेटलेट नाहीत, पांढऱ्या पेशींची फौज नाही. दाह दाबणारं औषध ताप चढलेल्या माणसात काय करेल ते नळी सांगू शकत नाही.

मग हे काम हवंच कशाला? २००५ च्या आशियातल्या मोठ्या चाचणीत, ज्यात भारतही होता, आर्टेसुनेटने गंभीर मलेरियाचे मृत्यू २२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणले. परजीवी मारणारं उत्तम औषध देऊनही शंभरातले पंधरा गेले. अशा रुग्णांत परजीवी मेल्यावरही रक्तवाहिन्यांत काय बिघडलेलं राहतं, हे कळायलाच हवं.

माझा खरा आक्षेप

या कारकिर्दीत नळी दर पावलाला खऱ्या रक्तवाहिनीच्या जवळ गेली, पण तिच्यात सोडलेले परजीवी प्रयोगशाळेत वाढवलेले राहिले. बांबोळीच्या रुग्णांमध्ये दिसलेली सरमिसळ मागे पडली. आणि व्हायवॅक्स? गोव्यात रुग्ण त्याचेच जास्त. पण जो परजीवी वाढवता येतो त्याच्यावर प्रयोग होतात. यात बर्नाबेऊ यांचा दोष नाही, सगळ्या क्षेत्राची हीच अडचण आहे. तरीही एवढी चांगली नळी तयार झाल्यावर ती दवाखान्याजवळ आणून रुग्णाच्या ताज्या रक्ताने तपासावी, ही मागणी आता रास्त आहे.

तोवर तुमच्या हातात काय आहे? बाहेरगावी काम करून परतलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि कुठून आलात ते डॉक्टरांना सांगा. काच कोरी आली आणि ताप हटत नसेल तर पुन्हा तपासायला सांगा. भान हरपतंय, झटके येताहेत असं दिसलं तर रात्र काढू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.